तेल सांडलं तर पाणी सगळ्यात शेवटी : घरी बायोडिझेल करू पाहणाऱ्यांसाठी

फरशीवर तेल सांडलं की मुंबईत हात आधी बादलीकडे जातो. नळ सोडायचा, खराट्याने सगळं मोरीत लोटायचं, वर थोडा साबण टाकायचा. फोडणीचं चमचाभर तेल असेल तर हे निभावतं. बायोडिझेल, म्हणजे तळणीच्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळून केलेलं इंधन, करायला घेतलं की चमच्याचा हिशेब संपतो. तळणीचं तेल १५ लिटरच्या पत्र्याच्या डब्यात येतं, मग २० किंवा ५० लिटरच्या कॅनमध्ये निवळत बसतं. एक लिटर तेल एक मिलिमीटर जाडीने पसरलं तर एक चौरस मीटर लादी व्यापतं. म्हणजे एक डबा आडवा झाला तर दहा बाय पंधराची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत भरते. त्यावर बादलीभर पाणी ओतलं की तेल पाण्यावर चढतं आणि त्याच्या पाठीवर बसून उंबरा ओलांडतं, पॅसेजमध्ये जातं, जिन्याच्या पायऱ्या उतरतं. म्हणून सांडलेलं तेल कोरडंच उचलायचं. पाण्याची पाळी सगळ्यात शेवटी.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये तेल गाळणं, निवळणं, त्यातलं पाणी तपासणं, टायट्रेशन करणं (म्हणजे तेलातलं आम्ल मोजणं) एवढंच करा. मिथेनॉल मिसळण्याचं काम फ्लॅटमध्ये, बाल्कनीत किंवा जिन्याखाली करू नका. मिथेनॉल ११ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकतील इतकी वाफ सोडतं आणि मुंबईत तेवढी थंडी क्वचितच असते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. शिवाय महाराष्ट्रात ते विषविषयक नियमांखाली येतं. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत हेच मिथेनॉल होतं. ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. रिअ‍ॅक्शन करायची तर मोकळी हवा असलेल्या शेडमध्ये किंवा स्वतःच्या जागेवर, परवान्याचं रीतसर बघून.

आधी ओळखा, काय सांडलंय

पहिली दहा सेकंदं नुसतं बघण्यात घालवा. त्या दहा सेकंदांवर पुढची सगळी पद्धत ठरते.

नुसतं तेल असेल तर घाई नाही. खाद्यतेल पेटायला साधारण ३०० अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे थंड तेलाचा धोका आगीचा नसून घसरून पडण्याचा असतो. तेल तापवताना सांडलं असेल तर आधी शेगडी बंद करा आणि ते हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत थांबा. गरम तेलावर पाणी अजिबात नको. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तेल घेऊन उडते.

मिथेनॉल, किंवा मिथेनॉलमध्ये कॉस्टिक विरघळवून केलेलं मेथॉक्साइड सांडलं असेल तर प्रकरण वेगळं आहे. माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. पंखा, एक्झॉस्ट, दिवा यांच्या बटणांना हात लावू नका. चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद. बटणातली बारीक ठिणगी वाफेला पुरते. वीज तोडायचीच असेल तर लांबच्या मेन स्विचवरून तोडा. अशा सांडण्यावर फक्त कोरडी रेती टाका. लाकडाचा भुसा, कागद, चिंध्या नकोत, कारण त्या जळतात. मेथॉक्साइड कातडी भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. अंगावर उडालं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. अंगावर व्हिनेगर चोळत बसू नका, ते फक्त फरशीसाठी. भिजलेली रेती प्लास्टिकच्या बादलीत भरून उघड्यावर, माणसांपासून आणि आगीपासून लांब न्या. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. वाफ ओसरली की फरशीवर एकदम भरपूर पाणी घाला, थोडं थोडं नको. मग पातळ केलेलं व्हिनेगर फिरवा आणि लिटमसने तपासा. पोटात गेलं किंवा वाफेने चक्कर, धूसर दिसणं सुरू झालं तर थेट रुग्णालय गाठा आणि पहिल्याच वाक्यात ‘मिथेनॉल’ हा शब्द सांगा. आग असेल तर १०१.

तयार बायोडिझेल तेलापेक्षा बरंच पातळ असतं, झपाट्याने पळतं आणि लादीच्या सांध्यात शिरतं. रंग, नैसर्गिक रबर आणि काही प्लास्टिकं ते मऊ करतं, म्हणून गॅसच्या नळीवर किंवा चपलेवर उडालं तर तिथल्या तिथे पुसा. पाण्याने न धुतलेल्या बायोडिझेलमध्ये मिथेनॉल शिल्लक असतं, तेव्हा त्याला मिथेनॉलचेच नियम लावा.

रिअ‍ॅक्शननंतर बायोडिझेलच्या खाली बसणारं काळपट ग्लिसरीन दिसायला काकवीसारखं, पण त्यात कॉस्टिक, साबण आणि मिथेनॉल तिन्ही असतात. मिथेनॉलमुळे इथेही खिडक्या आधी, बाकी नंतर. हातमोजे घालून पत्र्याने खरवडून घ्या. ते पाण्यात विरघळतं, म्हणून उरलेला ओघळ गरम पाण्याच्या फडक्याने निघतो. पाणी आधी चालेल असा हा एकच प्रकार. तरी ते पाणी फडक्यानेच उचलायचं.

इथून पुढे सगळं साध्या तेलाबद्दल. नव्या माणसाच्या हातून सांडतं ते बहुतेक वेळा तेच.

हाताशी काय ठेवायचं

झाकणाच्या एका प्लास्टिक कॅनमध्ये १० किलो चाळलेली कोरडी रेती. दुसऱ्यात ३ किलो लाकडाचा भुसा. रे रोडच्या लाकूडवखारीत किंवा जवळच्या सुताराकडे तो पोत्याने मिळतो. प्लायवूडच्या बारीक पिठापेक्षा रंध्याचा आणि करवतीचा मिसळ भुसा बरा. दोन्ही कॅनची झाकणं घट्ट हवीत. जून ते सप्टेंबर मुंबईची हवाच ओली असते आणि दमट भुसा तेल पीत नाही, कारण त्याचं पोट आधीच पाण्याने भरलेलं असतं. चौपाटीची वाळू आणू नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं.

याशिवाय रबरी पट्टीचा वायपर, पत्र्याची रुंद सुपली, दोन घमेली, रद्दी, जुनी सुती फडकी, नायट्राइलचे हातमोजे, भांडी घासायचं लिक्विड, धुण्याचा सोडा आणि एक प्लास्टिकची पिशवी, जिच्यात किलोभर रेती भरून तोंड बांधून ठेवलंय. ही शेवटची वस्तू सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची.

रेती आणि भुसा यांची कामं वेगळी आहेत. रेती तेल शोषत नाही, कणांमधल्या फटीत धरून ठेवते. एक लिटर तेलाला तीन ते चार लिटर रेती लागते. म्हणून ती बांध घालायला वापरा. भुसा खरंच पितो: किलोभर कोरडा भुसा अंदाजे दोन लिटर तेल घेतो. भुसा नसेल तर भाताचं तूस, चुलीची पूर्ण थंड राख, मुलतानी माती, तीही नसेल तर फाडलेली रद्दी. गव्हाचं पीठ पसरायची सूचना कुठे वाचली असेल तर विसरा. त्याचा लगदा होतो, लादीच्या सांध्यात बसतो आणि त्यावर मुंग्या येतात.

उचलायचं कसं

सर्वप्रथम गळती थांबवा. डबा उभा करा, कॉक बंद करा, नळी वर उचलून धरा. पंप चालू असेल तर बंद करा. तेल एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत गेलं असेल तर त्याला हात न लावता मेन बंद करा.

लगेच मोरीकडे वळा. नहाणीच्या जाळीवर ती रेतीची पिशवी ठेवून पायाने दाबा. बाल्कनीत सांडलं असेल तर पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड शोधा आणि तेही असंच बुजवा. नवशिक्यांची सगळ्यात महाग चूक इथेच होते. ते आधी फरशी पुसायला बसतात आणि तोवर दोन लिटर तेल जाळीतून खाली गेलेलं असतं.

आता कडा अडवा. रेतीचा चार बोटं रुंद बांध घाला, दाराच्या बाजूने सुरुवात करून. मधोमध रेती टाकू नका, तिथलं तेल अजून परत मिळवायचंय. चपला डबक्याच्या कडेला काढा. चालायचंच असेल तर गोणपाट अंथरा. तळव्याला लागलेलं तेल स्वयंपाकघरापासून लिफ्टपर्यंत ठसे उमटवत जातं, आणि जिन्यात ज्येष्ठांचा पाय घसरतो तो अशाच ठशांवर.

मग वायपरने तेल मध्ये ओढा आणि सुपलीत चढवून घमेल्यात ओता. सुपलीची कड लादीला चिकटून राहावी म्हणून ती किंचित वाकवून घ्या. १५ लिटरमधलं ११-१२ लिटर तेल या एका पायरीत परत मिळतं. भुश्याच्या आधी हे करायचं कारण एवढंच की भुश्यात गेलेलं तेल परत मिळत नाही.

उरलेल्या पातळ थरावर भुसा पसरा, बोटभर जाड. नुसता टाकून सोडू नका. जुन्या झाडूने गोल गोल घासा, म्हणजे कोरडे कण खाली आणि भिजलेले वर येतात. १५ ते ३० मिनिटं थांबा. भुसा गडद आणि जड झाला की झाडून घ्या, नवा पसरा. सहसा दोन फेऱ्या लागतात. तीन लिटर शिल्लक असेल तर दीड ते दोन किलो भुसा धरून चाला. दुसऱ्या फेरीतला भुसा फिकट राहिला तर थर संपला असं समजा. शेवटी रद्दीचा कागद अंथरून त्यावर चाला, सांध्यातलं तेल कागदात येतं.

आता कुठे साबण. भांड्याचं लिक्विड पाणी न मिसळता थेट कोरड्या फरशीवर टाका, ब्रशने घासा, पाचेक मिनिटं राहू द्या. तेलाच्या पातळ थराला साबण नीट धरतो. जाड थरावर आधीच साबणपाणी ओतलं तर दुधासारखं पांढरं मिश्रण होतं, ते पुसलं जात नाही आणि साध्या तेलापेक्षा खोल शिरतं. मग एका लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून त्यात फडकं बुडवून पिळा आणि लादी पुसा. ओतायचं नाही, पुसायचं. दर दोनदा पुसलं की फडकं पिळा. शेवटी साध्या पाण्याचं फडकं.

झालं का, हे नुसत्या नजरेने कळत नाही, कारण ओली लादी चमकतेच. पूर्ण सुकू द्या, मग पांढरा पातळ कागद तळहाताने दाबून उजेडात धरा. पारदर्शक ठिपका दिसला तर तेल आहे. साबणाची फेरी पुन्हा.

लादीप्रमाणे फरक

व्हिट्रिफाइड टाइल तेल पीत नाही, तिचा प्रश्न सांध्यांचा. सिमेंटचे सांधे काळे पडतात, तिथे सोड्याची घट्ट पेस्ट भरून तासाभराने टूथब्रशने घासा.

संगमरवर, कोटा आणि उघडा कोबा तेल आत ओढतात, म्हणून तिथे भुश्याची घाई करा. तरी डाग उरलाच तर मुलतानी माती, थोडं लिक्विड आणि पाणी यांचा लेप अर्धा सेंटिमीटर जाड लावा, वर भोकं पाडलेलं प्लास्टिक झाका आणि २४ तास ठेवा. सुकताना माती तेल वर ओढते. खरवडून पुन्हा लावा, दोन-तीन वेळा. घाईघाईने टॉयलेट क्लीनरचं आम्ल संगमरवरावर ओतू नका. तेल तिथेच राहतं, पॉलिश मात्र जातं.

स्लायडिंग खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हा मुंबईच्या घरातला हमखास विसरलेला कोपरा. तिथे तेल साचतं, त्याला धूळ चिकटते आणि झालेल्या राळेने खिडकी अडते. कापूस काडीला गुंडाळून ओढा. सोडा तिथे वापरू नका, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

गच्चीवर किंवा अंगणात पावसात सांडलं तर ताडपत्री आधी डबक्यावर टाका, साफसफाई नंतर. उघड्यावर तेलाचं काम पावसाळ्यात न करणंच बरं. रस्त्यावर टेम्पोतून सांडलं तर रेती टाका, लोकांना अडवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. ओल्या रस्त्यावरचं तेल दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतं.

महिन्यांपूर्वीचा पिवळा चिकट थर साबणाला दाद देत नाही. ते तेल आता तेल राहिलेलं नसतं, हवेशी मिळून त्याचा वार्निश झालेला असतो. तुमच्याकडे धुतलेलं, कोरडं बायोडिझेल असेल तर चमचाभर फडक्यावर घेऊन चोळा आणि दहा मिनिटं थांबा. ते उत्तम द्रावक आहे. थर मऊ झाला की पुसा, मग साबण.

भिजलेल्या चिंध्या : इथे चूक करू नका

ही बाब सगळ्यात जास्त लक्षात ठेवा. तेलाने भिजलेली फडकी आणि भुसा ढिगात ठेवले तर स्वतःहून पेटू शकतात. काडी लागत नाही. तेलातली असंतृप्त आम्लं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता सोडतात. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, गोळ्यात किंवा बांधलेल्या पिशवीत ती साठते. जवस सगळ्यात वाईट, सोयाबीन आणि सूर्यफूल त्याखालोखाल, शेंगदाणा कमी, पाम आणखी कमी, खोबरेल जवळजवळ नाही. वडापावच्या गाडीवरचं तेल कोणतं हे तुम्हाला नक्की ठाऊक नसतं, म्हणून सगळ्यांना एकच नियम. चैत्र-वैशाखातल्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये हा धोका वाढतो.

फडकी साबणाच्या पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा, किंवा बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घाला. भुसा पाण्याने पूर्ण ओला करून तशाच डब्यात. सोसायटीच्या कचऱ्याच्या खोलीत प्लास्टिक पिशवीत गाठ मारून कोरडा भुसा ठेवणं म्हणजे मजल्यामजल्यावरच्या लोकांना धोक्यात घालणं. निव्वळ खाद्यतेलाचा भुसा मूठ-मूठ करून कंपोस्टच्या खड्ड्यात मुरतो, एकदम टाकला तर ढीग कुजून वास येतो. मिथेनॉल, कॉस्टिक किंवा ग्लिसरीन लागलेला भुसा कंपोस्टमध्ये नको.

मोरीत का नाही

गरम पाण्याबरोबर गेलेलं तेल पाइपात थंड होतं. पामतेल तर थंडीच्या सकाळी डब्यातच गोठतं. त्यातली मेदाम्लं पाण्यातल्या आणि सिमेंटमधल्या कॅल्शियमशी जुळून दगडासारखा साबण बनवतात, तो सळईने फोडावा लागतो. चोक झालेली लाइन वरच्या मजल्याची असते, पाणी खालच्याच्या घरात वर येतं. पावसाच्या पाण्याची गटारं वेगळीच. त्यातलं पाणी कुठल्याही प्रक्रियेविना नाल्यातून मिठी नदीत, खाडीत आणि समुद्रात जातं. तिथे तेलाचा तवंग पाण्याला हवा मिळू देत नाही, आणि ते कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खातं.

सांडतं कुठे

बहुतेक वेळा डबा ओतताना. एकाच भोकातून ओतलं की हवा आत शिरताना डबा गचके देतो आणि तेल उसळतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं छोटं भोक पाडा, धार सरळ येते. नळी आणि कॉकच्या जोडाला स्टीलची क्लिप लावा, तारेचा वेढा नको. पारदर्शक पीव्हीसी नळी ५०-५५ अंशांच्या तेलाने मऊ होऊन जोडावरून सटकते, म्हणून प्रत्येक बॅचला ती ओढून बघा. तेलातलं पाणी काढायला तापवताना भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. पाणी तळाशी बसलेलं असतं, त्याची वाफ एकदम होते आणि वरचं तेल उसळून बाहेर येतं. आधी दोन-तीन दिवस निवळू द्या, तळाचं पाणी काढून टाका, मग मंद आच.

प्रत्येक पिंप आणि कॅन काठ असलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवा. ट्रेमध्ये सगळ्यात मोठ्या भांड्याच्या सव्वापट मावायला हवं. एवढी एक सोय केली तर वर लिहिलेल्यातलं निम्मं कामच उरत नाही.

वायपरने परत मिळवलेलं तेल फेकू नका. कापडातून गाळा, वेगळ्या कॅनमध्ये तारीख लिहून तीन दिवस निवळत ठेवा. मग पळीभर तेल १०० अंशांच्या वर तापवा. तडतडलं तर पाणी आहे, पुन्हा निवळा आणि आटवा. नाही तडतडलं तर पुन्हा टायट्रेशन करून पुढच्या बॅचमध्ये घ्या. साबण किंवा सोडा लागलेलं तेल मात्र त्यात मिसळू नका. साबणामुळे बायोडिझेल धुताना पाणी वेगळं होत नाही आणि सगळी बॅच लोण्यासारखी फेसाळते. तसलं तेल बाजूला साठवा आणि वापरलेलं खाद्यतेल गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला विचारा, साबण लागलाय हे आधी सांगून. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या ‘रुको’ उपक्रमात अशा संस्थांची नोंद होते.